‘बीड’ या शब्दाची लांबी किती?

आज आम्ही थोडं परक्या गावात शिरणार आहोत. आम्ही प्रोग्रामर नाही. पण कोणती वस्तू कोणत्या प्रकारात बसते, हा वैशेषिकांपासून चालत आलेला आमचा धंदा, आणि पायथन या संगणकभाषेत तोच वाद दहा-बारा वर्षं चालला.

आधी आपलं शिवार बघू. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात, पारावर मात्र एकर-गुंठेच बोलतात. गुंठा आणि आर यांत शंभराला एकाचा फरक. एकाला दुसरं म्हटलं तरी काही अडत नाही, आणि सवय मुरते. तीच सवय घेऊन कुणी हेक्टरला एकर समजला, की हिशेब अडीचपट चुकतो.

पायथन 2 मध्ये नेमकं हेच होतं. मजकूर म्हणजे अक्षरं. बाइट म्हणजे ती साठवण्याचे आकडे. अक्षर वेगळं आणि शाई वेगळी, तसंच हे. पायथन 2 दोन्ही मिसळू द्यायचा. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे खपून जायचं. पण यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘बीड’ची लांबी विचारा, उत्तर यायचं 9! आणि असे बाइट खऱ्या मजकुराला जोडायला गेलं की प्रोग्राम कोसळायचा. लिहिणाऱ्याने इंग्रजी नावं घालून तपासलेलं असायचं. कोसळायचा तो मराठी नाव आल्यावर.

डिसेंबर 2008 मध्ये पायथन 3 आला आणि त्याने हे दोन प्रकार वेगळे केले. मिसळाल तर तिथंच अडवणार, मजकूर इंग्रजी असला तरी. याला टाइप सेफ्टी म्हणतात. जुने प्रोग्राम अर्थातच चालेनात, ओरड झाली. पायथन 2 चा आधार 2015 ला थांबायचा होता, तो 2020 पर्यंत लांबवावा लागला. जावाने 2004 साली उलट वाट धरली: प्रकारांची तपासणी आणली, पण जुनं मोडू दिलं नाही. म्हणून आजही आकड्यांच्या यादीला ‘तुझ्यात अमुक शब्द आहे का?’ असं विचारलं, तर ती अडवत नाही, ‘नाही’ म्हणते. उत्तर खरंच आहे हो. पण प्रश्नच चुकला, हे सांगणार कोण?

जुनं जपा म्हणणाऱ्यांची आम्ही टिंगल करत नाही. आमची स्वतःची व्याख्यानाची टिपणं नव्वदच्या दशकातल्या एका मराठी फॉन्टमध्ये होती. त्या काळच्या अशा फॉन्टमध्ये आत रोमन अक्षरं आणि वर नुसता मराठी मुखवटा. फॉन्ट गेला, मुखवटा गळला, आणि न्यायदर्शनावरच्या टिपणांचा रोमन कचरा झाला. बदलून देणाऱ्या प्रोग्रामने जोडाक्षरं मोडली. शेवटी हातानं टंकलं, दोन वर्षं गेली. स्थलांतराची किंमत आम्ही मोजली आहे.

तरीही आम्ही पायथन 3 च्या बाजूचे. ‘जुनं चालत होतं’ हे वाक्य अर्धंच आहे. कुणाचं चालत होतं, ते विचारायला हवं. इंग्रजीत लिहिणाऱ्याची सोय सांभाळली जात होती आणि तिचा भुर्दंड मराठी, तमिळ, जपानी लिहिणारे भरत होते. अडवणूक सगळ्यांची सारखी झाली, तेव्हा कुठे ओरड ऐकू आली.

एक तक्रार मात्र उरते. पायथन 3 ला ‘बीड’ची लांबी विचारा, तो म्हणतो 3: ब, दुसरी वेलांटी, ड. पहिलीतलं पोरगं म्हणेल दोन: बी आणि ड. तो चिन्हं मोजतो, अक्षरं नाही. आणि हे मोजमाप आता बदलावं, तर त्यावर उभे असलेले सगळे प्रोग्राम पुन्हा मोडतील. यावेळी जुनं जपा म्हणणाऱ्यांत आपले मराठी प्रोग्रामरही असतील, बरं का.