स्प्रिंग कुठपर्यंत ताणायची?

रेणूतला बंध म्हणजे स्प्रिंग, असं आपण बीएस्सीला शिकतो. सूत्रात आकडा घालतो, बंधाचा ताठपणा काढतो आणि पुढे जातो. माझा आक्षेप स्प्रिंगवर नाही. ती कुठपर्यंत चालते हे कुणी सांगत नाही, यावर आहे.

हायड्रोजन क्लोराइड वायू घ्या. त्याचा मुख्य इन्फ्रारेड पट्टा 2886 सेंमी⁻¹ ला येतो. कंपन म्हणजे निव्वळ सिंपल हार्मोनिक मोशन असतं, तर ऊर्जेच्या सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असत्या. शिवाय साध्या मॉडेलच्या नियमाप्रमाणे एका उडीत दोन पायऱ्या चढायला बंदी. पण ती उडी दिसते, फिकट का होईना. आणि तीही दुपटीला, म्हणजे 5772 ला नाही, तर 5668 ला. म्हणजे दुसरी पायरी पहिलीपेक्षा बुटकी. अशा पायऱ्या बुटक्या होत होत शेवटी बंध तुटतो. आदर्श स्प्रिंग कधीच तुटत नाही.

आता ताठपणा बघा. 2886 थेट सूत्रात घातले की 481 न्यूटन प्रति मीटर. पायऱ्यांचं बुटकेपण हिशेबात धरलं की 516. सुमारे 7 टक्क्यांचा फरक, आणि वहीत पहिल्याच उत्तराखाली दोन रेघा!

तुटू शकणाऱ्या बंधाचं सूत्र मॉर्सने 1929 मध्येच दिलं होतं. तरी स्प्रिंग फेकू नका. ऊर्जेची दरी तळाशी वाटीसारखीच असते, तिथे ती छान चालते. फक्त उत्तराशेजारी लिहा: ‘तळापुरतं खरं’.