मनःशांतीचे दावे आणि लोणावळ्याची प्रयोगशाळा

गेल्या जूनमध्ये कोल्हापुरातील एका शाळेच्या योगदिनाला पाहुणा म्हणून गेलो होतो. बाहेर पाऊस, सभागृहात सतरंज्यांवर दोन-अडीचशे मुले. फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिले होते, ‘प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, मन शांत होते, एकत्र योग केल्याने आपुलकी वाढते.’ कार्यक्रमानंतर शिरोळ तालुक्यातील एका शिक्षिकेने गाठले. २०१९ च्या महापुरानंतर त्यांच्या वर्गातील काही मुले जोराचा पाऊस लागला की गप्प होत. बाई त्यांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगत. “त्याचा काही उपयोग झाला असेल का हो, सर?” मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. ते उत्तर पुरे करायचे तर फळ्यावरच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

पहिला घोटाळा भाषेचा आहे. ऑक्सिजनला मराठीत ‘प्राणवायू’ म्हणण्याची पद्धत पडली आणि योगग्रंथांतला ‘प्राण’ हा त्या वायूशी नकळत जोडला गेला. प्राणायाम म्हणजे प्राणवायू अधिक, हे समीकरण आपल्याला इतके सरळ वाटते की ते तपासावे असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात निरोगी माणूस शांत बसला असताना त्याच्या धमन्यांतील रक्तामधले हिमोग्लोबिन ९५ टक्क्यांहून अधिक ऑक्सिजनने भरलेलेच असते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी ओतून काय मिळणार?

गंमत म्हणजे हे सांगणारा एक मराठी माणूस योगाचा टीकाकार नव्हता, योगीच होता. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले. ‘योगमीमांसा’ हे त्यांचे नियतकालिकही त्याच वर्षी निघाले. क्ष-किरण, रक्तदाबमापक अशी साधने घेऊन ते आसनांकडे वळले. बस्तीक्रियेत पाणी मोठ्या आतड्यात वर कसे चढते, याचे उत्तर त्यांनी दाबमापक जोडून शोधले. नौली करताना आतड्यातील दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो आणि पाणी ओढले जाते. कोणत्याही गूढ वायूची गरज उरली नाही. प्राणायामाचे महत्त्व अधिक ऑक्सिजन मिळण्यात नाही, हेही त्यांनी १९३० च्या दशकातच लिहून ठेवले. आपल्या श्रद्धेच्या विषयातील लोकप्रिय समजूत स्वतः खोडायला धैर्य लागते. आमच्या क्षेत्रातही ते फार जणांजवळ असते असे नाही.

तरीही हे काम डोळे मिटून स्वीकारता येत नाही. तपासलेली माणसे मोजकी, तीही बहुधा योगाभ्यास करणारीच. आसने न करणारा गट तुलनेला सहसा नसे. याचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल, कारण चिठ्ठ्या टाकल्यासारखे रुग्णांचे दोन गट पाडून औषध पारखण्याची पद्धत रुजली ती ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ च्या चाचणीनंतर. शंका आहे ती आपल्याबद्दल. त्यांनी मोजमापाला सुरुवात केली आणि आपण ‘हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे’ एवढेच वाक्य उचलले.

मन शांत होते का? काही प्रमाणात होय. श्वास सोडताना व्हेगस या चेतेमार्फत हृदयाचा वेग किंचित मंदावतो. उच्छ्वास लांबवून, नाडीवर बोट ठेवून सातवीचा मुलगाही हे अनुभवू शकतो. २०१४ मध्ये अमेरिकेत ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. ध्यानाने चिंता आणि खिन्नता थोडी कमी होते, पण व्यायाम किंवा इतर उपचारांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा नाही, असे त्यात आढळले. मुलांबाबत चित्र आणखी सावध करणारे आहे. ब्रिटनमधील ८० हून अधिक शाळांतील ८००० हून अधिक विद्यार्थ्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. वर्गात ध्यान शिकवूनही मुलांच्या मनःस्वास्थ्यात नेहमीच्या शिक्षणापेक्षा फरक पडला नाही. मुले घरी सराव करत नव्हती, हेही लक्षात घेतले पाहिजे. थकवा थोडा कमी झाला तो शिक्षकांचा, आणि तोही बहुतेक वर्षभरात ओसरला!

आपुलकीचा दावा मला सर्वांत नाजूक वाटतो. ध्यानाने माणसे दुसऱ्यांशी अधिक कनवाळूपणे वागतात का, याविषयीच्या वीसहून अधिक प्रयोगांचा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. करुणा वाढलेली दिसली ती ध्यान शिकवणारा स्वतःच निबंधाचा लेखक होता अशा प्रयोगांत, आणि तुलनेच्या गटाला काहीच करायला दिलेले नव्हते अशा प्रयोगांत. त्या सभागृहातली जवळीक खोटी होती असे मी म्हणणार नाही. ती मलाही जाणवली. पण ती आसनांमुळे आली की दोनशे जणांनी एका तालात हात वर केल्यामुळे? एका तालात पावले टाकणारे लोक नंतर एकमेकांना अधिक सहकार्य करतात, असे २००९ मधील प्रयोगांत दिसले आहे. तसे असेल तर आपली लेझीमही तेच काम करील. लेझमीचा गट न घेता योगाला श्रेय देणे म्हणजे एकाच उमेदवाराची निवडणूक.

हे शाळेत करून पाहता येईल. वर्गाचे चिठ्ठ्या टाकून तीन गट करावेत. एकाने श्वासाकडे लक्ष देत बसावे, दुसऱ्याने शांतपणे गोष्ट वाचावी, तिसऱ्याने लेझीम खेळावी. आधी व दहा मिनिटांनी नाडी मोजावी (लेझीमवाल्यांची अर्थातच वाढेल, तीही नोंदवावी). मग गटकामात कोण कोणाला मदत करते, ते कोणता मूल कोणत्या गटातले हे ठाऊक नसलेल्या शिक्षकाने टिपावे. एका वर्गावरून काही सिद्ध होणार नाही. मात्र तुलनेचा गट कशाला लागतो, हे मुलांना व्याख्यानापेक्षा चांगले कळेल.

शिरोळच्या बाईंना मी आता असे सांगेन. श्वासाकडे लक्ष देऊन बहुतेक मुलांना घटकाभर बरे वाटले असेल. पण त्या ब्रिटिश चाचणीत, ज्यांना मानसिक त्रासाचा धोका आधीच जास्त होता, अशा मुलांचे काही निकाल किंचित वाईटच आले. म्हणून डोळे मिटण्याची सक्ती नको. उघड्या डोळ्यांनी, मित्राशेजारी बसले तरी चालेल. आणि पाऊस थांबल्यावर एखादा मुलगा पुराबद्दल आपणहून बोलू लागला, तर त्या दिवशीचा तास बुडाला तरी हरकत नाही.