मामू, भाई आणि खलास : घरातले शब्द, नाक्यावरचे अर्थ

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. मराठीच्या तासाला आठवीच्या वर्गाला 'माझे आवडते नातेवाईक' हा निबंध दिला होता. एका मुलाने पहिलेच वाक्य लिहिले : 'माझे मामू पोलीस नाहीत, खरोखरचे मामू आहेत.' आम्हाला हसू आले आणि मग तेच वाक्य मनात रुतून बसले. आईच्या सख्ख्या भावाबद्दल लिहिताना तेरा वर्षांच्या मुलाला आधी खुलासा करावा लागतो! नाक्यावर 'मामू' म्हणजे पोलीस, आणि 'मामू बनवणे' म्हणजे फसवणे. मराठी वाचणाऱ्याच्या मनात आधी हाच अर्थ येणार, हे त्या मुलाने अचूक ओळखले होते.

शब्दांना नवे अर्थ फुटतात, यात वाईट काही नाही. मुंबईची टपोरी भाषा तर मराठी आणि दखनी यांच्या शेजारातूनच वाढली. तिचा 'अपुन' आपल्या 'आपण'चा भाऊ आणि 'कायकू' दखनीतला. 'बिनधास्त' आज मराठी तरुणाचा लाडका शब्द आहे, पण त्यातली 'धास्त' ही अरबी 'दहशत'च आहे, हे कोणाच्या ध्यानातही नसते. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ झाली. दरबारातले आणि कचेरीतले शब्द बदलण्याचे प्रयत्न झाले, पण बाजारातले शब्द जागचे हलले नाहीत. याचा आम्हाला आनंदच आहे.

प्रश्न अर्थ बदलण्याचा नाही. तो कोणत्या दिशेने बदलतो आणि साहित्य त्यातला कोणता अर्थ उचलते, हा प्रश्न आहे. 'खलास' घ्या. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ सुटका. खालिस, इखलास, मुख्लिस, एवढेच काय वर आलेला 'खुलासा', ही सगळी एकाच धातूची लेकरे. मराठीत तो 'संपले' झाला आणि टोळीयुद्धाच्या काळात 'खल्लास' म्हणजे ठार. 'हलाल'चेही तेच. आमच्या घरात तो कमाईचा शब्द आहे. कष्टाची, कोणाचा हक्क न मारता आणलेली भाकरी ती हलाल. मराठीत मात्र 'हलाल करणे' म्हणजे हालहाल करून मारणे. 'अवलिया'ला मात्र बरे दिवस आले. 'वली'चे हे अनेकवचन मराठीत मनस्वी, कलंदर माणसासाठी प्रेमाने वापरले जाते. म्हणजे भाषेला ठरवले तर वर चढताही येते.

'भाई' हा शब्द सर्वांत बोलका. पु. ल. देशपांडे आप्तांचे 'भाई' होते. शेतकरी कामगार पक्षात उद्धवराव पाटील 'भाई उद्धवराव' होते, तिथे त्याचा अर्थ सहकारी, सोबती. हाच शब्द मुसलमान नावाला चिकटला की वाचकाच्या डोळ्यांपुढे पिस्तूल येते! आमच्या घरात मोठ्या भावाला नावाने हाक मारत नाहीत, 'भाई' म्हणतात. एकच शब्द नाव बदलताच गुन्हेगार होत असेल, तर तो दोष शब्दाचा नाही, ऐकणाऱ्या कानाचा आहे.

आता साहित्याकडे वळू. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ने 1965 साली नाक्यावरच्या पोरांची भाषा थेट निवेदनात आणली. आचार्य अत्र्यांसारख्यांनी त्यावर झोड उठवली. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. त्याला प्रस्तावना विजय तेंडुलकरांची होती. त्यातले शब्द पांढरपेशा वाचकाला अडले. या दोघांचे मोठेपण असे की त्यांनी ही भाषा चिमट्याने धरली नाही. बोलणारा माणूस तिच्यात राहतो, भुकेजतो, रडतो.

पुढे अनुकरण करणाऱ्यांनी शब्द घेतले, माणूस सोडला. मराठी कथेत, नाटकात मुसलमान पात्र आले की ते बहुधा दोन वाक्ये तोडक्यामोडक्या टपोरीत बोलते आणि निघून जाते. त्याला आई नसते, मामू नसतो, परीक्षेची चिंता नसते. तो बोलीसाठी ठेवलेला असतो, जसा ताटात रंगासाठी टोमॅटो.

चित्रपटाने या बाबतीत कधी कधी अधिक समज दाखवली, हे नमूद केले पाहिजे. 'सत्या' (1998) मधला भिकू म्हात्रे टोळीवाला आहे, तोंडात तीच भाषा आहे, पण त्याला घर आहे, बायको आहे, मुले आहेत. म्हणून तो प्रेक्षकाला माणूस वाटतो. 'गली बॉय' (2019) मधला धारावीचा मुराद गल्लीत मित्रांशी एका भाषेत बोलतो आणि घरात बापासमोर, आईसमोर त्याची जीभ वेगळी होते. एकाच तोंडातल्या या दोन भाषांतून त्याचे सगळे जगणे कळते. आम्ही आमच्या वर्गात रोज हेच ऐकतो.

मग दोष फक्त दुसऱ्यांचा का? मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ 1990 च्या सोलापूरच्या पहिल्या संमेलनापासून उभी आहे. तरी आमच्यातले काही लेखक नाक्याच्या भाषेला इतके लाजतात की त्यांची मोहल्ल्यातली पात्रेही सदाशिव पेठेतली मराठी बोलतात. आपल्याला कोणी टपोरी म्हणू नये, या भीतीतून हे घडते. ती भीती आम्हाला समजते, पण तिच्यामुळे पात्र खोटे होते. हमीद दलवाईंनी 'इंधन'मध्ये कोकणातले गाव आणि तिथली मुसलमान घरे आतून उभी केली होती. त्यांची मते कोणाला पटोत न पटोत, ते 'आतून' लिहिणे शिकण्यासारखे आहे.

आमचे म्हणणे एवढेच की नाक्यावरचा अर्थ जरूर लिहा, पण त्याच पानावर घरातलाही अर्थ येऊ द्या. पोलिसाला मामू म्हणणारा मुलगा संध्याकाळी खऱ्या मामूच्या सायकलीवर मागे बसून घरी येतो, हेही लिहा. शब्दाला घर मिळाले की पात्रालाही मिळते. हे काम आपल्याखेरीज दुसरे कोण करणार? दोन्ही अर्थ आपल्यालाच ठाऊक आहेत.

त्या मुलाच्या निबंधात पुढे होते की मामू लूमवर रात्रपाळी करतात आणि ईदला सगळ्या भाचरांना फालुदा पाजतात. शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, त्यांच्यावर आम्ही लाल रेघ ओढली. पहिले वाक्य मात्र तसेच राहू दिले. त्यात चूक त्याची नव्हती.