घराण्यांची पुस्तकं

आमच्या हिंजवडी, माण, मारुंजी, वाकडच्या पट्ट्यात आधी जमिनी गेल्या, मग पैसा आला, मग बंगले झाले आणि आता घराण्यांची पुस्तकं निघायला लागलीत. गुळगुळीत कागद, जाड पुठ्ठा, वर ढाल-तलवार. प्रकाशनाला पुढारी, मागं जेवणाचा मांडव. अशी आठ पुस्तकं माझ्या कपाटात आहेत. सगळी भेट आलेली, कारण ती विकायला नसतातच. मी ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलीत. एवढं त्या घरच्यांनीही केलं नसंल. ती माणसं आपला फोटो कुठल्या पानावर आलाय ते बघतात आन् पुस्तक टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवून देतात. नावं घेऊन मला भावकीत वैर वाढवायचं नाही, पण वाचून जे दिसलं ते सांगायला हरकत नाही.

आठांतली सात एकाच साच्यातली. सुरुवात सूर्यवंश नाहीतर चंद्रवंश. मग राजपुताना किंवा देवगिरी. तिथनं घराणं थेट महाराजांच्या सैन्यात उतरतं. आणि पुढचं पान उलटलं की फेटा बांधलेल्या आजोबांचा फोटो, खाली साल 1952. मधली अडीचशे वर्षं गेली कुठं? त्या सात-आठ पिढ्या नांगर धरत होत्या, भात लावत होत्या, सावकाराच्या ओसरीवर ताटकळत होत्या. नेमकं तेच पुस्तकात नाही. दोन पुस्तकांची पहिली बारा पानं तर शब्दाला शब्द सारखी आहेत, नुसतं आडनाव बदललंय.

महाराजांच्या सैन्यात मावळची माणसं होती, त्याचा अभिमान धरावाच. पण गाव काही तलवारीनं वसत नाही. 1630 चा दुष्काळ, त्यावर लढाया, पुणे प्रांत ओस पडलेला. जिजाऊ शिवरायांना घेऊन जहागिरीत आल्या तेव्हा रान पुन्हा लागवडीला आणायचं होतं. त्यासाठी रयतेला कौल देत. पडीक जमीन घ्या, पहिल्या सालाला नावाला सारा, मग दरसाल थोडा थोडा चढता. त्याला इस्तावा म्हणत. म्हणजे या भागात नव्यानं वसलेले कित्येक मूळपुरुष घोड्यावर बसून आलेले नाहीत. बैल, बियाणं आन् बायकापोरं घेऊन आलेत. यात कमीपणा कसला वाटतो, हे मला या पुस्तकवाल्यांना विचारायचंय.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडं 1862 साली असाच कायदा झाला. पाच वर्षं राहा, जमीन कसा, 160 एकर तुमची. तिकडची माणसं आता जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आपला खापरपणजोबा कधी आला, कुठला तुकडा धरला, कुणाला विकला, याचे कागद काढतात. नांगऱ्या निघाला तर नांगऱ्या लिहितात. पण पुतण्या दुसरंही सांगतो. दीडएकशे वर्षांमागं तिकडंही जिल्ह्याजिल्ह्याचे जाडजूड इतिहास निघाले होते आणि ज्यानं आधी पैसे भरले त्याचं चरित्र त्यात छापलं गेलं. ज्यांच्या रानावर हे सगळे जाऊन बसले त्या तिथल्या मूळ लोकांना त्यात धड जागा नाही. म्हणजे हा साचा काही आमच्याच छापखान्यात निघाला असं नाही.

आमच्या पुस्तकांत तरी मूळच्यांचं काय आहे? शिवेचा तंटा पडला की महारांची साक्ष अखेरची धरत, कारण गावाची शीव त्यांना ठाऊक. गाव ज्यांच्या शब्दावर उभं राहिलं त्यांचं एकाही पुस्तकात एक पान नाही. सुतार, लोहार, चांभार यांचीही तीच गत. तशीच गत उपऱ्यांची, म्हणजे मिरास नसलेल्या, दुसऱ्या गावाहून येऊन कसणाऱ्या माणसांची. आणि गतकुळं. जुन्या कागदांत थळझाडा नावाचा एक प्रकार असतो. गावात मूळ थळं किती, कुठलं कुणाचं, याची ती यादी. त्यात निपुत्रिक गेलेल्या, दुष्काळात परागंदा झालेल्या कुळांची नोंद गतकुळ म्हणून येते. त्यांची जमीन राहिलेल्यांनी कसली. शिवारातल्या काही तुकड्यांना या गेलेल्या माणसांची नावं होती, आमच्या लहानपणी आम्ही ती सहज बोलत होतो. आता तिथं मनोरे आहेत आणि मनोऱ्यांना इंग्रजी नावं आहेत. घराण्याचं पुस्तक लिहिणाऱ्यानं ही तुकड्यांची नावं तरी टिपायची होती.

कागद नाहीत असं म्हणायची सोय नाही. पुण्यात पेशवे दफ्तर आहे. तलाठ्याकडं फेरफार आहेत. मोडी वाचणारे भेटतात, मजुरी घेतात, पण वाचून देतात. त्र्यंबकेश्वरी आणि नाशिकला तीर्थोपाध्यायांकडं नामावळ्या आहेत. आमच्या पणजोबांची नोंद मला त्र्यंबकेश्वरी मिळाली. सोबत कुटुंब आणि विधवा बहीण, असं लिहिलेलं, बहिणीच्या नावासकट. ते नाव घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. तिला सासरी ठाव नव्हता म्हणून ती भावाकडं राबली असणार, हा आपला माझा अंदाज.

आणि कागदावरनं पुस्तक कसं करावं याचा नमुना इथनं तीनेक कोसांवर आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर गावाचा घरोघर अभ्यास केला आणि 1917 साली तो पुस्तकरूपानं छापला. पुस्तक इंग्रजी, मला नातवानं वाचून दाखवलं. त्यात सूर्यवंश नाही. 1771 साली त्या गावात खातेदाराला सरासरी 40 एकर जमीन होती, 1915 पर्यंत ती 7 एकरांवर आली, हे आहे. कर्ज किती, तुकडे किती, हेही आहे. परक्या मुलखातल्या माणसानं आमच्या शेजारच्या गावाचा जमाखर्च मांडला. तो वाचताना मला माझे आजे-पणजे दिसले. आठ पुस्तकांच्या ढाल-तलवारीत ते दिसले नाहीत. त्र्यंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ 1915 चा. त्यात शेतकरी, बलुतेदार, फिरस्ते सगळे आहेत. काही ठिकाणी त्यांची भाषा आज खटकते, पण कुणाला वगळलेलं नाही.

आता गंमत ऐका. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला सगळा महाराष्ट्र दफ्तरात शिरला. ज्यांच्या पुस्तकात पहिल्या पानावर राजवंश, तेच घर जन्म-मृत्यूच्या मोडी रजिस्टरात खापरपणजोबापुढं ‘कुणबी’ असा शब्द सापडावा म्हणून नवस बोलायला लागलं. आरक्षणाच्या बाजूनं की विरोधात, तो वाद इथं नको. पोरांच्या शिक्षणाची गरज खरी आहे. पण पुस्तकाला एक पूर्वज आणि दाखल्याला दुसरा, असं कसं चालंल? त्या रजिस्टरातला कुणबीच खरा, आणि तो कामाचा माणूस होता.

सगळ्यात मला टोचलं ते लेकींचं. सातही पुस्तकांत वंशवृक्षाच्या फांद्या नुसत्या पोरांच्या. कोकणस्थांचे कुलवृत्तान्त शंभरेक वर्षं छापले जातायत, त्यात निदान सुनेचं माहेर आणि लेकीचं सासर लिहिलेलं असतं. आमच्याकडं झाडाला अर्धंच पान फुटलंय. बरं, या लेकी घराला ठाऊक नाहीत असंही नाही. 1994 साली महाराष्ट्रात लेकींना वडिलार्जित मिळकतीत हक्क मिळाला, 2005 ला देशभर. जमिनीचा भाव एकरी कोटींवर गेला तसं हक्कसोडपत्र करायला एकेक बहीण, एकेक आत्या गाडी पाठवून आणली गेली. साडीचोळी झाली, अंगठे-सह्या झाल्या. त्या दस्तात त्यांची पुरी नावं आहेत, वयं आहेत, सासरची गावं आहेत. घरातल्या लेकींची एवढी खडानखडा यादी दुसरीकडं कुठंच नाही. आणि ज्या पैशातनं पुस्तक छापलं, तो त्याच सह्यांच्या जोरावर आलेला.

आठवं पुस्तक वेगळं आहे. साठ पानांचं, साध्या कागदावर, एका निवृत्त मास्तरानं स्वतःच्या पेन्शनीतून काढलेलं. छपाईच्या चुका फार आहेत, सालांचा घोळ आहे. पण त्यानं गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून कुठली विहीर कुणी खणली, म्हातोबाच्या बगाडाला कुठल्या घराचा कुठला मान, ते लिहून काढलंय. मानाची वाट काढत गेलं की कोण आधी वसलं, कोण मागनं आलं, याचा माग लागतो. म्हातारी माणसं गेली की हे सांगायला कोण उरणार? पुस्तकाचं प्रकाशन झालं नाही, मास्तर पिशवीत घेऊन घरोघर वाटत फिरले.

आमच्या भावकीचंही पुस्तक निघतंय. माहिती गोळा करणारा पोरगा परवा घरी आला होता. मी त्याला पणजोबांच्या बहिणीचं नाव दिलं, आणि चार पिढ्यांच्या लेकींची नावं सासरच्या गावांसकट लिहून दिली. वही बघून तो म्हणाला, “काका, एवढ्या सगळ्या घातल्या तर पानं वाढतील ओ.”

म्हटलं, सूर्यवंशाची बारा पानं काढ, बसतील.

तो वही घेऊन गेलाय. दसऱ्याला छापून यायचंय.