काळी, पांढरी आणि शरणपूर

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिक जिल्ह्याचा आहे. तो १८८३ साली प्रसिद्ध झाला. जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या या ग्रंथावाचून नाशिकच्या इतिहासलेखकाचे आजही पाऊल पुढे पडत नाही. आम्हीही त्याचे ऋणी आहोत. तरीही माहितीकोश म्हणून नव्हे, तर एक लेखनकृती म्हणून तो वाचला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठचा मुलूख कंपनीकडे गेला. १८६९मध्ये नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला. जमीन मोजली गेली, तिची प्रत लावली गेली, सारा ठरला. आपल्याकडे गावाची दोन अंगे मानतात : काळी आणि पांढरी. काळीत पिके उभी राहतात, पांढरीत माणसे नांदतात. गॅझेटियरकारांना काळी उत्तम समजते. पांढरी मात्र त्यांना जातींच्या यादीतूनच दिसते.

ही दृष्टी कोठे अपुरी पडते, हे शरणपुरापाशी कळते. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाशिकलगत ही ख्रिस्ती वस्ती वसविली. (वस्ती प्रॉटेस्टंटांची, म्हणून आम्हा कॅथलिकांनी तिच्याकडे पाठ फिरवावी, असे नाही.) धर्म बदलला की घर सुटे आणि घराबरोबर गावाचा आधारही सुटे. तेथील सुतारकाम-लोहारकामाचे शिक्षण या तुटलेल्या आधाराच्या जागी आले, असे आम्ही समजतो. गुलामांच्या गलबतांतून ब्रिटिश आरमाराने सोडविलेली आफ्रिकन मुलेही येथेच वाढली. त्यांपैकी जेकब वेनराइट हा १८७३ साली लिव्हिंगस्टन यांचा देह आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत होता. पुढल्या वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबेतील दफनविधीसही तो हजर होता. त्याची दैनंदिनी उपलब्ध आहे. पण ती जपली गेली लिव्हिंगस्टन यांच्यासाठी. त्याचे नावदेखील मिशनने दिलेले. १८७५च्या सुमारास मोंबासाजवळ फ्रेरे टाउन वसले, तेव्हा शरणपुरात वाढलेले कितीतरी आफ्रिकन तिकडे गेले. गोदाकाठची वस्ती समुद्रापलीकडच्या वस्तीचा पाया झाली! संस्थापक, स्थापनेचे वर्ष, रहिवाशांची संख्या या रकान्यांत यातले काय मावणार?

याच काठावरच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ याशेजारी ठेवून पाहावीत. त्यांचा पहिला भाग १९३४ साली आला. सत्तावन्नचे बंड इतिहासग्रंथांत आहे ते भागोजी नाईकांच्या उठावाच्या आणि १८५९मधील त्यांच्या अखेरच्या रूपाने. लक्ष्मीबाई तेच बंड स्वयंपाकघरात आणतात. मातामह फाशी गेले. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचे वेड लागले आणि सारे घर त्यापायी पोळले. राज्य बदलले म्हणजे काय झाले, हे त्या पानांतून जितके कळते, तितके साऱ्याच्या तक्त्यांतून कळत नाही. आणि हे सांगताना त्या हसतात, हे विशेष.

आपल्या धर्मग्रामांच्या स्मरणिका मात्र ‘स्मृतिचित्रां’च्या नव्हे, गॅझेटियरच्या वळणाने जातात. इतरांस कशाला नावे ठेवावीत? काही वर्षांपूर्वी एका रौप्यमहोत्सवी स्मरणिकेतला इतिहास आम्हीच लिहिला. धर्मगुरूंची नावावळी, पायाभरणीची तारीख, घंटा आली ते वर्ष, सारे काही बिनचूक. अंक हाती पडल्यावर एक वृद्ध बाई म्हणाल्या, “फादर, विहीर कोणी खणली ते नाही लिहिलंत?”

आम्हांस ते ठाऊकच नव्हते. त्यांना ठाऊक होते. बहात्तरच्या दुष्काळात खणणाऱ्या अकरा जणांची नावे त्यांनी ओट्यावर बसून सांगितली. त्यांतले चौघे बाप्तिस्मा न झालेले. ती नावे आम्ही नोंदवहीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर उतरवून ठेवली आहेत. स्मरणिकेची दुसरी आवृत्ती निघाली नाही.