पाण्याखालील वेल्डिंग आणि प्रवर्तन तापन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
समुद्रातील तेलफलाट, नळमार्ग व जहाजांचे तळ यांची दुरुस्ती बहुधा जागेवरच करावी लागते. सोव्हिएत संशोधक कॉन्स्टंटिन ख्रेनोव्ह यांनी 1932 मध्ये ओल्या वेल्डिंगची पद्धत विकसित केली. कमी खर्च व झटपट काम हे तिचे गुण होत. मात्र उच्च-ताकदीच्या पोलादाबाबत तिची विश्वासार्हता संशयास्पदच राहिली. यावर सुचविल्या गेलेल्या प्रवर्तन तापनाच्या उपायाचे मूल्यमापन प्रस्तुत लेखात केले आहे.

समस्येचे स्वरूप :
पाणी सांध्यातील उष्णता वेगाने शोषून घेते. 800 पासून 500 अंश सेल्सिअसपर्यंत थंड होण्यास हवेत सामान्यतः 8 ते 16 सेकंद लागतात. पाण्यात हा अवधी 1 ते 6 सेकंदांवर येतो. परिणामी उष्णता-प्रभावित क्षेत्रात कठीण व ठिसूळ मार्टेन्साइट तयार होते. शिवाय प्रज्योतीच्या तापमानास पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन धातूत शिरतो. ठिसूळ रचना, हायड्रोजन व अवशिष्ट ताण एकत्र आले की थंड तडे पडतात.

उपायाचे सामर्थ्य :
प्रवर्तन तापनात वेटोळ्यातील प्रत्यावर्ती प्रवाहामुळे पोलादातच भोवरी प्रवाह निर्माण होतात. समुद्राच्या पाण्याची विद्युत्-वाहकता पोलादाच्या सुमारे दशलक्षांश असल्याने पाणी फारसे तापत नाही. उष्णता हवी तेथेच उत्पन्न होते. 2015 मध्ये 'वेल्डिंग जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चिनी संशोधकांच्या प्राथमिक अभ्यासात वेल्डिंग चालू असतानाच असे तापन करण्यात आले. त्यामुळे शीतन मंदावले, मार्टेन्साइट व कठीणपणा घटला आणि तडे कमी झाले. ही उपलब्धी निश्चितच मोलाची आहे.

मर्यादा :
तथापि काही प्रश्न अनुत्तरित राहतात. पहिला प्रश्न कार्यकारणाचा आहे. मंद शीतनाने रचना सुधारते, तसेच हायड्रोजनला बाहेर पडण्यास वेळही मिळतो. तडे कमी होण्याचे श्रेय यांपैकी कोणास किती, हे केवळ कठीणपणाच्या मोजणीवरून ठरत नाही; विसरणशील हायड्रोजनही स्वतंत्रपणे मोजला पाहिजे. दुसरे असे की, उच्च वारंवारतेस उष्णता पृष्ठभागालगतच्या पातळ थरात निर्माण होते आणि पाणी नेमके तेथूनच ती हिरावून नेते. जाड पत्र्याच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवेल. तिसरे, खोलीबरोबर वाढणाऱ्या सच्छिद्रतेवर तापन हा थेट उपाय नव्हे. प्रत्येक 10 मीटरला दाब सुमारे एक वातावरण वाढतो. त्यामुळे उथळ टाकीतील निष्कर्ष खोल समुद्रास जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. सर्वांत गंभीर प्रश्न माणसाचा आहे. पाण्यात प्रत्यावर्ती प्रवाह अधिक धोकादायक असल्याने ओल्या वेल्डिंगसाठी दिष्ट प्रवाह वापरतात. तेथेच प्रत्यावर्ती प्रवाहाचे वेटोळे आणायचे, तर पाणबुड्याच्या सुरक्षिततेचा विचार धातूच्या गुणधर्मांइतकाच अग्रक्रमाने व्हायला हवा.

निष्कर्ष :
1974 मध्ये शोध लागलेल्या मुंबई हाय क्षेत्रात पाण्याची खोली 75 मीटरच्या आसपास आहे. तेथील सांधे सपाट पत्र्यांचे नसून बव्हंशी नळ्यांचे आहेत. अशा वक्र सांध्यांवर, प्रत्यक्ष दाबाखाली व खाऱ्या पाण्यात चाचण्या झाल्याशिवाय प्रवर्तन तापन हे आश्वासक तंत्र म्हणता येईल, सिद्ध तंत्र नव्हे. तोवर निकेलयुक्त इलेक्ट्रोड, मृदुकरणाचे पुनर्थर आणि कोरड्या कक्षातील वेल्डिंग या पर्यायांशी त्याची तुलना होणे अगत्याचे आहे. प्रयोगशाळेतील सांधा टिकला एवढ्यावर समाधान मानणे परवडणारे नाही. कारण समुद्रातील सांध्यावर फलाटाबरोबर माणसांचे जीवही अवलंबून असतात.