लुनाच्या पायांपुढची जागा

विजेवर चालणारी ई-लुना पाहताना नजर आधी हँडल आणि सीट यांच्यामधल्या पोकळीवर ठेवावी. मोटरसायकलची टाकी जिथे फुगून वर येते, तिथे या गाडीत मोकळी, सखल जागा आहे. लुगडं नेसलेल्या बाईला पाय उंच न टाकता तिथून बसता येतं आणि पंचवीस किलोचं पोतंही तिथे उभं राहतं. वाहन घडवणाऱ्याला काहीतरी भरायचा मोह फार होतो. इथे तो आवरलेला दिसतो. सगळी बुद्धी जागा रिकामी ठेवण्यात खर्च झाली आहे आणि उरलेली गाडी त्या रिकामेपणाभोवती बांधलेली चौकट आहे. दुकानदार पोतं ठेवतो तेव्हा ती रचना पुरी होते.

पायांपुढची ही जागा लुनाच्या घराण्यातूनच आलेली आहे. मूळ लुना १९७२ची, नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची. एच. के. फिरोदिया यांनी इटलीच्या पियाज्जिओच्या 'चाओ' या मोपेडच्या धर्तीवर ती भारतात आणली. पन्नास सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं, आणि सोबत सायकलसारखे पेडल. पुढे पीयूष पांडे यांच्या जाहिरातीने ती घराघरात पोचली. पण जाहिरातीने जी माणसं दाखवली, त्यांच्याइतकेच तिचे खरे रसिक होते दूधवाले, पेपरवाले, पावाच्या लाद्या पोचवणारे. त्यांच्यासाठी लुना म्हणजे सायकलला मिळालेलं बळ होतं. ७ फेब्रुवारी २०२४ला फिरोदियांच्याच घरातली पुढची पिढी चालवत असलेल्या कायनेटिक ग्रीनने तिला विजेवर आणलं तेव्हा किंमत होती ६९,९९० रुपये.

हे वाहन मनमाडच्या रस्त्यावर ठेवून पाहावंसं वाटतं, त्याला कारण आहे. नगर दौंड-मनमाड लोहमार्गावरच आहे, म्हणून लुना तशी मनमाडची शेजारीणच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे माल मोठा येतो आणि लहान होऊन पांगतो, याचं मनमाडइतकं उघडं चित्र दुसरीकडे क्वचितच दिसतं. मुंबई-भुसावळचा मुख्य मार्ग इथून जातो, दौंडचा फाटा इथे मिळतो, आणि १९००मध्ये निजामाच्या मुलखातून आलेला सिकंदराबादचा मार्गही इथेच येऊन थांबला. इथल्या भारतीय अन्न महामंडळाच्या अवाढव्य गोदामांत धान्य रेल्वेच्या रेकने उतरतं. शेकडो किलोमीटर मालाचा हिशेब टनांत होतो. गावातला एकात्मता चौक ओलांडून गल्लीत शिरलं की तोच हिशेब किलोवर येतो. साखरेचं एक पोतं, बिस्किटांचे दोन खोके, पाण्याचे चार जार. या शेवटच्या दोन-तीन किलोमीटरसाठी एक तर माणसाचे खांदे लागतात, नाही तर अर्धा रिकामा टेम्पो गल्लीत घालून सगळ्यांची वाट अडवावी लागते.

चार जार हा आकडा सहज आलेला नाही. कंपनी दीडशे किलोचा भार सांगते. त्यात चालवणाऱ्याचं वजन धरूनच हिशेब करावा. साठ-सत्तर किलोचा माणूस वजा केला की ऐंशी-नव्वद किलो उरतात, म्हणजे वीस लिटरचे चार जार. ज्या गावात वागदर्डी धरणाकडे पाहत नळाला पाणी कधी येईल याचे दिवस मोजण्यात पिढ्या गेल्या, तिथे चार जार म्हणजे एका हॉटेलाची सकाळ.

आणि गाडीचं स्वतःचं वजन? ९६ किलो. मालवाहू वाहनाचा दर्जा ठरवायला मी हीच कसोटी आधी लावतो: स्वतःच्या किती पट उचलतं? ई-लुना दीडपटीहून थोडं जास्त उचलते. या कसोटीवर दूधवाल्याची काळी सायकल आजही अजिंक्य आहे. वीसेक किलोची ती सायकल माणूस आणि दुधाचे कॅन मिळून पाच-सहा पट नेते. पण तिथे किंमत गुडघे मोजतात. इंजिन किंवा मोटर लावूनही ज्याने सायकलचं हे प्रमाण फार बिघडू दिलं नाही, ते यंत्र चांगलं, असं माझं मत आहे.

आता चाकं. सोळा इंचांची, म्हणजे बहुतेक स्कूटरांपेक्षा मोठी. शोरूमच्या फरशीवर ती किरकोळ दिसतात. खड्ड्यांतून जाताना त्यांचं मोल कळतं, कारण मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं आणि अंड्यांचे ट्रे शाबूत राहतात. मग मोटर. विजेच्या मोटरला जोर धरायला वेग लागत नाही, तो पहिल्याच क्षणाला मिळतो. भरलेली गाडी बाजारात दर पन्नास पावलांवर थांबते आणि पुन्हा निघते. पेट्रोलचं इंजिन नेमकं इथे सगळ्यात जास्त इंधन वाया घालवतं. विजेची मोटर थांबलेली असताना काहीच खात नाही. गावाचे दोन भाग जोडणाऱ्या रेल्वे उड्डाणपुलाचा चढ भरल्या गाडीने, आवाज न करता, धूर न सोडता चढणं ही लहान गोष्ट नाही.

मागची सीट काढता येते. मला या रचनेतली ही सर्वांत देखणी जागा वाटते. सकाळी सीट काढली की मागे सपाट जागा मिळते, दुपारी सीट लावली की शाळेतून मुलीला आणता येतं. आपल्याकडचा छोटा व्यापारी आणि त्याचं घर ही दोन निराळी माणसं नसतात, आणि ही गोष्ट ज्याने ओळखली त्याने दुकान आणि संसार एकाच चौकटीत बसवले.

युरोपातल्या मालवाहू सायकलींशी तुलना केली तर मूळ सूत्र तेच दिसतं. डेन्मार्कची जुनी 'लाँग जॉन' सायकल गेल्या शतकाच्या पूर्वार्धातली. तिच्यात माल चालवणाऱ्याच्या पुढे आणि पुढच्या चाकाच्या मागे, जमिनीलगत ठेवतात. ओझं खाली आणि दोन चाकांच्या मध्ये आलं की तोल सांभाळायला कमी ताकद लागते. लुनाच्या पायांपुढची जागाही हाच नियम पाळते. लंडनमध्ये २०२१ साली झालेल्या एका अभ्यासात विजेच्या मालवाहू सायकली शहराच्या मध्यभागी व्हॅनपेक्षा सुमारे ६० टक्के वेगाने माल पोचवताना आढळल्या. व्हॅन जागा शोधत राहते, सायकल दारात थांबते. मनमाडच्या बाजारपेठेत चारचाकी घेऊन गेलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागणार नाही.

महाराष्ट्रात सायकलला विजेची जोड देण्याच्या विचाराची सुरुवात मात्र लुनाच्या विजेच्या अवताराआधी फार वर्षं झालेली आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षा मुळापासून तपासली. तिला गिअर दिले, ब्रेक सुधारले, स्प्रिंग सुधारले, मग पेडलला मोटरची जोड दिली आणि शेवटी पूर्ण बॅटरीवर चालणारी रिक्षाही बनवली. २००२मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांनी हे सगळं मांडलं. ती रिक्षा माणसांसाठी होती, मालासाठी नव्हती. पण ओढणाऱ्या माणसाचं शरीर हा रचनेचा केंद्रबिंदू मानणं हे फलटणचं मोठं देणं आहे, आणि ई-लुना तिथवर पोचत नाही असं मला वाटतं.

कारण ई-लुनात पेडल नाहीत. जुन्या लुनाचं पेट्रोल रस्त्यात संपलं तरी माणूस पेडल मारत घरी येत असे. ते दोन पेडल म्हणजे गरिबाला दिलेला शब्द होता. ९६ किलोची गाडी ओझ्यासह पेडलवर लांब जाणार नाही, हे मान्य. तरीही बॅटरी संपल्यावर चालवणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, ही या गाडीतली खरी उणीव आहे. कंपनीने २०२४मध्ये सांगितलेला एका चार्जला ११० किलोमीटरचा आकडा भरल्या ओझ्याने, थांबत-निघत चालताना खाली येणारच.

खर्चाच्या बाजूने मात्र तिला तोड नाही. २०२४च्या गाडीची बॅटरी दोन किलोवॅट-तासांची, म्हणजे पूर्ण चार्जला दोन-सव्वादोन युनिट. पेट्रोलच्या गाडीला खर्चासोबत पुरवठ्याचीही काळजी असते. मनमाडजवळच्या पानेवाडीत पेट्रोल-डिझेलचे मोठे डेपो आहेत, मुंबईहून पाइपलाइनने इंधन येतं आणि टँकरने चहूकडे जातं. जानेवारी २०२४च्या पहिल्याच दिवशी तिथले टँकरचालक संपावर गेले आणि पंपांवर रांगा लागल्या. इंधनाच्या उशाशी राहणाऱ्या गावालाही टाकी कोरडी पडल्यावर थांबावं लागतं.

विजेच्या गाडीचं तसं होऊ नये म्हणून, अडलेल्याला घरी पोचवायचं पेडलचं काम आता गावाने उचलावं. मनमाड नगरपरिषदेला आणि व्यापाऱ्यांना एकच विनंती आहे. भाजी बाजारात, स्टेशनबाहेर आणि मालेगाव चौफुलीवर छपराखाली मीटर लावलेले साधे प्लग बसवा, आणि त्यांच्यापुढे चार दुचाकींना माल उतरवायला जागा राखून ठेवा. एका छोट्या छपराच्या खर्चात हे होण्यासारखं आहे.